पांचाळ काट

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गाळा नऊ.
पत्र्याच्या दारावर आजोबांच्या हातचं, लाल ऑइलपेंटमधलं
'पांचाळ काटे'.
शेवटची मात्रा गंजाने खाल्ली,
तेव्हापासून आम्ही पांचाळ काट.

मी ऐरोलीला, काचेच्या इमारतीत,
दुसऱ्यांची नावं मोठी करते.
एका रविवारी म्हटलं, बाबा, आता आपलं करू.
पितळेच्या किसावर पुठ्ठा टाकून
लेथशेजारी लॅपटॉप मांडला,
यंत्राला सांगितलं:
तराजू बनवतो, दुरुस्तही करतो, तीन पिढ्या झाल्या. बोल.

ते बोललं.
चहा कपात ओतेस्तोवर चाळीस ओळी.
'विश्वासाचं दुसरं नाव.'
'जिथे प्रत्येक ग्रॅम बोलतो.'
'वारसा अचूकतेचा, भरवसा उद्याचा.'
बाबांनी चष्मा पुसून सगळ्या वाचल्या,
तक्रारीत परत आलेलं वजन बघतात तशा,
उलटून, पालटून.
छान आहेत, म्हणाले.
पण यातली कुठलीही हिंगवाल्याला दिली
तरी त्याला बसेल.

मी गप्प.
माझा निम्मा पगार असल्याच वाक्यांचा.

मग चित्र मागवलं.
हसरी भाजीवाली, हिरवा पदर,
टपोरी वांगी, झळझळीत तराजू,
आणि मागे ठाण्यात कधीच न पडलेलं सोनेरी ऊन.
मी रंग पाहिले. अक्षरांना जागा किती, ते पाहिलं.
बाबा हसत सुटले, ठसका लागेपर्यंत.
अगं, वांग्यांचं पारडं वर
आणि रिकामं खाली!

पुसायला बोट नेलं होतं,
ते तसंच राहिलं रात्रभर.

सकाळी तेच चित्र छापायला दिलं, न सुधारता.
खाली एवढंच:
'यात चूक काय? सांगा,
तुमचा काटा फुकट तपासून देऊ.'
बाबा म्हणाले, चित्र यंत्राने काढलंय, तेही लिही.
लिहिलं.
एवढं बारीक का?
मोठं केलं.

पालिकेची पावती फाडून
जांभळी नाक्याला मंडईच्या खांबावर लावलं.
दोन दिवस फक्त कावळे.
तिसऱ्या दिवशी लसूणवाल्या सगुणाबाई थांबल्या,
डोक्यावरची पाटी न उतरवता:
'वांग्यांत काय हवा भरलीय?'
मग फुलवाला. मग त्याचा भाऊ, जो म्हणे
शाळेत कधी उत्तर द्यायला उठला नव्हता.
मग खांबाखाली भांडण,
आधी कुणी ओळखलं यावरून.

त्या आठवड्यात सतरा काटे आले.
अठरावा आला शनिवारी, शटर अर्धं खाली असताना,
पिशवीत गुंडाळलेला.
धान्यवाले केशवजी दारातच उभे:
'चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती.
पण माझाही तसाच असला तर?
जरा गुपचूप बघाल?'

बाबांनी बघितला. किलोमागे अठरा ग्रॅम.
पैसे घेतले नाहीत,
वहीत तारीख टाकली,
पुढच्या वर्षीचीही टाकून ठेवली.
ते गेल्यावर मी विचारलं,
अठरा ग्रॅम कुणाच्या बाजूने?
बाबा म्हणाले,
हे आपल्या जाहिरातीत नव्हतं.

दारावरची मात्रा अजून व्हायची आहे.
मी ब्रश आणलाय, लाल डबाही उघडलाय.
बाबा कानस पुढे करतात:
आधी गंज घास.