इवला पर

व्हेनर्न सरोवरावर अजून नीट उजाडलं नाही.
गुन्वोर दोन नॉटच्या वर वेग जाऊ देत नाही.
जोरात ओढलास तर चमचा खोटा दिसतो,
आल्वार म्हणायचा,
मासाच काय, बायकोसुद्धा ओळखते.

शिशाचा गोळा बारा मीटर खाली.
थर्मासात कॉफी अजून दोघांची.

साडेसहाला डावी काठी वाकली.
वीस मिनिटं. मग जाळीत सामन,
हातभर, धापा टाकणारा.
ती आधी शेपटीजवळ बोट फिरवते:
इवला मऊ पर शाबूत, कुणी कापलेला नाही.
म्हणजे हा पैदास केंद्रातला नव्हे.
नदीचा नदीला. कायदाच आहे.

पाण्यात धरून ठेवते त्याला,
सुटलोय हे त्याचं त्याला कळेपर्यंत.

नंतर हात कितीतरी वेळ तसाच,
कोपरापर्यंत गार.