सत्तर वर्षं, तीन तासांत

ब्रनोची नाट्यशाळा, तिसरा मजला.
अकरा आरसे, अकरा कोवळे चेहरे.
विषय म्हातारपण. वेळ तीन तास.

बोहदान एकोणीसचा. "हसू नकोस," म्हटलं
की हसतोच.
ओल्या लॅटेक्सला ओठापाशी चीर गेली.
जाऊ दे. तिथूनच सुरुवात केली.

स्पंजाने टिपत टिपत राखाडी,
पापण्यांखाली जांभळट तपकिरी,
कानांत चार केस, तेही एकेक करून चिकटवलेले.
तोंड कुणाचं, हे कुणाला बोलले नाही.
दोन वर्षं रोज सकाळी किल्ली घेताना
काचेपलीकडे पाहत आलेय ते.

परीक्षक बाई चष्मा वर करून म्हणाल्या,
"नीटनेटकं आहे. पण नाट्य कमी पडतं."
बक्षीस ओलोमोउत्सच्या पोरीला,
तिच्या तीनशे वर्षांच्या चेटकिणीला.
चेटकीण छानच होती, खोटं कशाला बोलू.

सगळे पांगले. मी ब्रश धूत होते,
गार पाण्यात, कारण गरम कधी येतच नाही.
दिवे मालवायला किल्ल्यांच्या खोलीतले वोयतेख आले,
बोहदानकडे बघून थबकले,
मग त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.
"बसा हो. कुणाला न्यायला आलात?"

आणि तो गाढव
गुडघ्यावर हात टेकून
सावकाश
बसला.