ओळखीचं वजन

दिवसा व्होल्टेज नाचतं, म्हणून मी रात्री लावते.
दोन भिंती. एक थांबलेली, एक सरकणारी.
मधे आर्गॉनचे दोन लाख कण,
त्यातला एकही खरा नाही.
धडकतात मात्र मन लावून,
वेग वाटून घेतात, निघून जातात,
पहाटे पाचपर्यंत.

पाचला बाप सायकल काढतो.
वणेचा पूल ओलांडून हिंगणघाटच्या मार्केट यार्डात,
चौतीस वर्षं मापारी.
पहिली गाडी लागायच्या आत
वीस किलोचं लोखंड काट्यावर ठेवतो.
बुडाला शिसं, शिशावर सरकारी ठसा.
आकडा पाहतो. मगच तुरीची पोती.
ते लोखंड आजवर कुणी विकलं नाही,
कुणी विकत घेतलं नाही.
पण त्याच्याएवढं तोललं गेलेलं
यार्डात दुसरं काही नाही.

माझं लोखंड आर्गॉन.
त्याचं सगळं आधीच मोजून झालंय.
तीनशे केल्विनला त्याच्यातून आवाज किती पळतो,
तो स्वतःच्याच अंगाला किती चिकटतो,
जुन्या माणसांनी बारीक नळ्यांतून सोडून
दशांशापर्यंत लिहून ठेवलंय.

दाब बरोबर.
तापमान रात्रभर हललं नाही.
आवाज सेकंदाला तीनशे तेवीस मीटर, बरोबर.
चिकटपणा
यायला हवा तेवीसच्या आत,
आला एकोणतीस.

पुन्हा लावला. एकोणतीस.
कण दुप्पट केले. एकोणतीस.
चूक इतकी स्थिर
की तिच्यावर विश्वास बसावा.

जेवताना बापाला सांगितलं, माझ्या परीनं.
वायू आहे, नको तेवढा चिकट येतो.
त्यानं भाकर मोडली.
"वजन मधात ठेवून पाह्यलं काय तू?"
मधेच की. अजून कुठं?
"अवं, मधात तं मोडका काटाबी खरं बोलते.
चारी कोपऱ्यांत ठेवून पाहा.
नन्नावरेचा काटा तीन कोपऱ्यांत इमानदार,
चवथ्यात पोत्यामागं पाव किलो खाये.
चार वर्स कोनाले समजलं नाही."

त्या रात्री मी कोपरे शोधत बसले.
वायूचे मी कप्पे पाडले होते,
एका कप्प्यातले कण आपसात धडकतील, असा नियम.
कप्पे मोठे पडले. आळस माझा, मशीन जुनं.
एका टकरीपासून दुसरीपर्यंत कण जेवढा चालतो
त्याच्या दीडपटीहून रुंद.
म्हणजे कप्प्याच्या या टोकाचा धक्का
त्या टोकाच्या कणाला लागत होता
मधली वाट न चालताच,
जसं यार्डातलं भांडण
बाप घरी पोचायच्या आधी आईला कळलेलं असतं.
दाबाला याचं काही नाही.
आवाजालाही नाही.
चिकटपणा मात्र याच्यावरच फुगला होता.

कप्पे बारीक केले, टकरीच्या वाटेच्या पाव.
मशीन चार रात्री कण्हलं.
तिसऱ्या रात्री पंख्यात जिनिंगकडची तूस अडकली,
खराट्याची काडी घालून काढली.
बावीस पॉइंट नऊ.
कोष्टकात बावीस पॉइंट सात.

"दोन कुठी गेले?"
थोडे अजूनही कप्पे खातात, बाबा,
थोडी कणांची थरथर आहे.
"किती खाते ते लिहून ठेव.
लिहून ठेवलं का काटा चालते."
लिहिलं. तारखेसकट.

आता खरा माल.
केसाहून बारीक भेगेतून निघालेला विरळ वायू,
ज्याचा आकडा कुठल्याच कोष्टकात नाही.
तिथं जे येईल ते येईल,
खोटं म्हणायलासुद्धा कुणी नसेल.

पाच वाजले. सायकलचं स्टँड वाजलं.
मी आर्गॉन काट्यावरून उतरवला,
हाताला येईल असा जवळच ठेवला.