मापाडी

बोल्टनच्या म्युझियममध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
सँडविच खिशातच ठेवून मी त्याच्यासमोर उभा राहतो.
लाकडी पेटीच्या कडेला रंगवलेला, तळहाताएवढा,
कान ताठ, एक गुडघा टेकलेला,
तराजूच्या दोरीला हलकेच बोट लावून
झुलणारी पारडी थांबवतोय.
अनुबिस.
शाळेच्या सहलीतली पोरं त्याला कुत्र्या म्हणतात.
माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं,
अरे, हा तर आपला मापाडी.

बाबा बार्शीच्या अडतीत मापाडी होते.
माल त्यांचा नाही, पैसा त्यांचा नाही,
भाव ठरायचा दुसऱ्यांच्या बोटांवर, रुमालाखाली.
ह्यांनी काट्याशी इमान राखायचं, बस्स.
पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत.
लाभ, दोन, तीन...
आणि काटा थरथरतोय तोवर तोंड उघडायचं नाही,
शेटजींनी तंबाखू पुढे केली तरी.

पेटीवरही तसाच बाजार मांडलाय.
निकाल देणारा सिंहासनावर, हिरव्या तोंडाचा;
लिहिणारा निराळा, त्याला लांब चोच;
आणि खाणारी, मगरीच्या जबड्याची,
आशाळभूत बसलीय पारड्याखाली.
ह्याचं काम मधलं.
मेलेल्याला हाताला धरून आणायचं,
काटा स्थिर करायचा,
बाजूला व्हायचं.

वाळूत पुरलेली माणसं उकरायची
ती कोल्ह्यांनीच, म्हणे.
म्हणून कोल्ह्यालाच राखणीला बसवलं.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,
आपण ही म्हण हसण्यावारी नेतो.
त्यांनी तिचा देव केला,
आणि नाईलच्या गाळासारखा काळा रंग दिला,
ज्यात पुढच्या वर्षीचं पीक असतं.

मी एन्टविसलांच्या दुकानात कामाला.
दुकान म्हणू नकोस, बायको म्हणते.
मग काय म्हणू?
माणसं येतात, त्यांना आंघोळ घालतो, केस विंचरतो,
बोटातून न निघणाऱ्या अंगठीवर चिकटपट्टी लावतो,
वजन वहीत लिहितो, खांदेकऱ्यांसाठी.

गुरुवारी विनिफ्रेड हॉलिवेल आल्या. एक्क्याण्णव वर्षं,
एकेचाळीस किलो,
सोबत केअर होमची पिशवी:
उलटा घडी घातलेला स्वेटर, दातांची कवळी,
पांढऱ्या सुताचं एक रीळ.
मागे कुणी नाही, खर्च काउन्सिलचा.
डोरीन म्हणाली, माझी आई हिच्या शेजारच्या मागावर होती.
इजिप्तचा कापूस विणायच्या दोघी.
खडखडाट एवढा, की बायका एकमेकींशी
नुसत्या ओठांनी बोलायच्या. घरी आल्यावरसुद्धा.
ते ओठ मी नुकतेच मिटवले होते.

पेसमेकर काढावा लागतो, भट्टीत फुटतो तो.
डाव्या खांद्याखाली दोन इंचांचा छेद.
तिकडच्या कारागिरांनी मेंदू टाकून दिला, म्हणतात,
पण हृदय जागच्या जागी ठेवलं,
ते पुढे तोलायचं होतं ना.
मीही हृदयाला हात लावत नाही.
वरचं घड्याळ तेवढं उतरवतो.

टेबलावर थोरल्या एन्टविसलांचा टपालाचा काटा, पितळी.
का कोण जाणे, डबीत टाकण्याआधी
मी ते त्याच्या पारड्यात ठेवलं.
दुसऱ्यात काय ठेवावं सुचेना.
पीस कुठून आणणार.
पिशवीतलं सुताचं रीळ ठेवलं.

साडेसहा वाजले होते, नोव्हेंबरातला अंधार.
मागच्या दाराच्या काचेपलीकडे,
कचऱ्याच्या डब्यांपाशी एक खोकड येऊन थांबलं,
भिजलेलं, शेपटीचे केस झडलेलं,
कान मात्र ताठ.
हाकलायला डोरीन उठली,
मी हातानंच थांबवलं तिला.

काटा हलत होता. इकडे. तिकडे.
हातमोज्यातलं बोट मी दांडीला टेकवलं,
आणि बऱ्याच वेळानं काढून घेतलं.

किती भरलं? डोरीननं विचारलं.
मी आवाज न करता, ओठांनीच म्हटलं,
लाभ.
तिला मराठी येत नाही.
आईकडे बघून शिकलेली मान मात्र तिनं हलवली,
कळलं म्हणून.