ट्राम थांबल्यावर

कोशित्सेत शेवटची ट्राम गेली की
बोह्दाना तळघराचा दिवा मालवते, म्हणते,
आता कुणी चालायचं नाही.
मी स्टुलावर बसून राहतो, बूट काढून.

तीन हिवाळे गेले या यंत्रात.
मुठीत मावेल एवढं त्याचं डोकं,
आत नीलमण्याची दांडी, सहा पायांवर सरकणारी,
एका पावलाला केसाच्या हजाराव्या भागाइतकी.
तांबं चुंबकात हट्टी, ऊब सोडता सोडत नाही.
पोलादातून थंडी पुढे जातच नाही.
शेवटी चांदी घेतली.

तारांना पीळ मी दिला, जोडीजोडीनं,
एकशे वीस मीटर,
रेडिओवर हॉकीचा सामना ऐकत.
सुंभ गोठला तरी पीळ जायला नको.

टोक मात्र कात्रीनं.
प्लॅटिनमची तार तिरपी धरायची,
कापता कापता ओढायची.
एवढं महागाचं यंत्र
आणि शेवटी न्हाव्याचा हात.

बाप माझा पोलाद कारखान्यात, भट्टीवर.
सोळाशे अंश. घरी यायचा तेव्हा भुवया करपलेल्या.
त्याला सांगितलं असतं,
आम्ही निरपेक्ष शून्याच्या उंबऱ्यापर्यंत जातो,
एका अंशाचा शंभरावा भाग उरतो फक्त,
तर विचारलं असतं त्यानं,
मग तिथे काम कोण करतं?

गेल्या गुरुवारी टोक आपटलं.
तिसऱ्या मजल्यावर ह्रिन्को सरांनी दार लावलं होतं.
एक दार. इतक्या दुरून.
मग सगळं पुन्हा वर काढा, दोन दिवस ऊब येऊ द्या,
पुन्हा कात्री.

डॉक्टरीणबाई म्हणतात, उजव्या हाताचा कंप वाढत जाईल.
बोह्दानाला मी सांगितलेलं नाही.
परवा तिनं स्प्रिंगा माझ्या पुढ्यातून उचलल्या,
स्वतः बसवल्या,
आणि म्हणाली, कॉफी तुम्हीच करा, मला जमत नाही.
तिला जमते.

आता ती पावलं मोजतेय, पुटपुटत.
चार हजार बारा. चार हजार तेरा.
खाली शिशाचा तुकडा, वर माझ्या कात्रीचं टोक,
मध्ये काहीच नाही.
चार हजार चौदा.
आकडा हलला.

टेकलेलं नाही अजून, तरी पलीकडून काही येतंय,
मुंगीच्या श्वासाएवढी वीज.
पडद्यावर एक ओळ उमटली. तिच्याखाली दुसरी.
बोह्दाना मागे वळून बघत नाही.

मी बसलोय तसाच,
उजवा हात मांडीखाली दाबून.