हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरला आबांना घेऊन
नौपाड्याच्या बँकेत जायचं,
ते जिवंत आहेत हे सांगायला.
इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं,
पेन्शनबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
काउंटरवरची मुलगी म्हणायची, आजोबा, अंगठा ठेवा.
यंत्र म्हणायचं, जुळत नाही.
पुसून ठेवा. दुसरा ठेवा. जरा दाबून.
नाहीच.

एक्केचाळीस वर्षं वागळे इस्टेटच्या गाळ्यात
गॅस्केटं कापता कापता
बोटांवरच्या रेषा शीटवर उतरून गेल्या होत्या.
आबा ताठ उभे राहायचे,
"हवालदार दौलत निकम, ईएमई.
समोर उभा आहे, आणखी काय पाहिजे?"
मागची रांग हसायची.
मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायची.

लढाईतली एकच गोष्ट सांगत.
बारमेरच्या पुढे, रात्री,
एका ट्रकच्या पाण्याच्या पंपाचं पॅकिंग गेलं.
सुटा भाग ऐंशी मैल मागे.
यांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
पंपाच्या तोंडावर धरला,
हातोडीनं कडेकडेनं ठोकत नेला,
आकार सुटून हातात आला.
ग्रीस माखून बसवला. ट्रक गेला.
आत कोण होतं, पोचलं का,
असं विचारलं की म्हणायचे,
पुठ्ठा टिकला.

त्या पुठ्ठ्यावर आमचं घर उभं राहिलं.
उसन्या पैशांचा गाळा, चिंचेचा ठोकळा, पंचांचा डबा,
दारावर पाटी, निकम गॅस्केट,
त्यातला 'स्के' रंगाऱ्यानं दोनदा चुकवलेला.
खोपटच्या डेपोतले मेकॅनिक यायचे,
कळव्याच्या कंपन्यांचे स्टोअरकीपर यायचे,
आणि उधारी मागायला आबा स्वतः सायकलवर जायचे,
फौजेतले बूट घालून, म्हणजे लोक देतात.

म्हणायचे, दोन लोखंडं एकमेकांना नीट भेटत नाहीत,
मधे कुणीतरी मऊ लागतं.
आई भाकरी थापता थापता म्हणायची,
हो, आणि या घरात ते मी.

मी मनासारखं लग्न केलं तेव्हा
दोन वर्षं बोलले नाहीत.
मग एका रविवारी कोपरीच्या आमच्या खोलीत आले,
चप्पल न काढता मोरीत गेले,
गळका नळ उघडला, वॉशर बदलला,
आणि पाणी पिऊन निघून गेले.
तो नळ अजून गळत नाही.

गाळ्यात पांढरी धूळ असायची.
आमच्या शाळेच्या डब्यावरसुद्धा.
रामआसरे खोकत जौनपूरला गेला
तेव्हा मी कॉलेजात होते,
आबा त्याला ठाणे स्टेशनवर सोडायला गेले
आणि रात्री जेवले नाहीत.
कुणी काही बोललं नाही. आम्ही जेवलो.

ऑगस्टमध्ये आबा गेले, एक्क्याण्णव पुरे करून.
जवाहर बागेत त्यांच्या पलटणीचं कुणी नव्हतं,
कोण उरलं होतं?
वह्या आवरताना दरमहा एकच ओळ दिसली,
'रा. – पॅकिंग', दोनशे,
पुढे पाचशे, पुढे दोन हजार.
मी फोन लावला.
मुलगा म्हणाला, बाबूजींना जाऊन वीस वर्षं झाली.
आबांना कळवलं नव्हतं का?
कळवलं होतं ना, म्हणाला,
तेरावं झालं त्याच आठवड्यात.

नोव्हेंबरात बँकेचा मेसेज आला,
हयातीचा दाखला सादर करावा.
मी मृत्यूचा घेऊन गेले.
तीच मुलगी होती. तिनं कागद दोनदा वाचला,
यंत्र माझ्याकडे वळवलं,
खातं बंद करायला वारसाचा ठसा लागतो, मॅडम.

माझा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळला.
तिला बरं वाटलं.
मला कसलीशी शरम वाटली.