मोहीम

भेंसासर तळाव. वाघोडिया रस्त्याला,
बंद पडलेल्या बेअरिंगच्या कारखान्यामागे.
नकाशात अजून निळा आहे. प्रत्यक्षात हिरवा:
काठाला पाणकणीस, मग जलपर्णी,
आणि मधे जे उघडं पाणी वाटतं
त्याच्या हातभर खाली शेवाळाचं रान.

माझे पूर्वज या मुलखात मोहिमेवरच आले,
चौथाई वसूल करायला.
मला एक मासा हवाय.
तोही परत द्यायचाय.

हे कुणालाच पटत नाही.
शेजारच्या हर्षिदाबेन विचारतात, खाणार नाही, तर पकडता कशाला?
बायको विचारते, पकडणार, तर आणत का नाही?
एरवी दोघींचं जमत नाही.

मार्चात पाहिला मी त्याला. पहाटे पावणेसहा.
जलपर्णीची अख्खी चटई आतून उचलली गेली,
झोपेत कूस बदलताना गोधडी उचलावी तशी,
आणि फटीतून एक पाठ
जुन्या घंगाळाच्या रंगाची.
सायप्रस. पंधरा किलो, मी म्हणतो.
जसवंत पाढियार म्हणतो नऊ.
जसवंत अडतीस वर्षं वजनकाट्यावर होता,
तेव्हा नऊच असेल. पण त्यानं पाहिलेला नाही.

तर, एप्रिलभर गळ न्यायचाच नाही.
फक्त दोरी, टोकाला शिसं, हाताहातावर गाठ.
ट्रकच्या ट्यूबवर बसून खोली मोजायची.
मगर? जसवंतनं विचारलं.
विश्वामित्री इथून बारा किलोमीटर, मी म्हणालो.
ते मगरीला माहीत आहे का, तो म्हणाला.
ट्यूब रद्द. काठावरून फेकायची.

दोन हात. दोन. अडीच. दोन.
पडक्या पंपघरासमोर एकदम पाच,
आणि बोटांना ठोका लागला, टप्,
दगडाचा, गाळाचा नव्हे.
वहीत फुली.

दोन दाताळी पाठीला पाठ लावून तारेनं बांधली.
फेकायची, ओढायची, शेवाळाचा ओला भारा झटकायचा,
त्यातल्या गोगलगायी परत पाण्यात सोडायच्या
(त्याचं जेवण आहे ते).
दरवाजाएवढी जागा, जास्त नाही.
जसवंत म्हणतो, सगळंच काढू, मशीन मागवू,
नगरसेवक ओळखीचा आहे.
अरे, हे गवत आहे म्हणून तो आहे!
जाळीवाले तीनदा आले, जाळी फाडून घेऊन गेले.
बोटिंगवाला फिरकला नाही, बाकडी बसवायला कुणी आलं नाही.
वीस वर्षांच्या बेपर्वाईवर
तो एवढा झाला.

मका रात्रभर भिजवून कुकरच्या चार शिट्ट्या.
भुईमुगाची पेंड, भाजलेली मेथी, चिमूटभर हिंग
(हिंग बायकोनं सुचवला, पाठ करून).
सलग नऊ दिवस एकाच वेळी, एकाच जागी टाकायचं.
दहाव्या दिवशी गळ.

तिसऱ्या दिवशी माझा गुडघा गेला.
हर्षिदाबेन म्हणाल्या, माशांना दाणाच घालायचा ना?
आम्ही मुंग्यांना घालतो, त्यात काय.
आणि स्टीलचा डबा स्कूटरला अडकवून निघाल्या.
दहाव्या दिवसाचं मी बोललो नाही.

दहाव्या दिवशी लंगडत गेलो, काठी खोळीत.
त्या आधीच पंपघराच्या पायरीवर,
चपला काढून, मूठ उघडून.
पाण्यावर बुडबुडे, बारीक, सोड्यासारखे,
शेवाळाच्या कडेकडेनं सरकत येणारे.
धीमे बोलो भाई, त्या म्हणाल्या.
मी खोळीची गाठ सोडली नाही,
म्हणजे ओली होऊन घट्ट बसली होती, हेही खरं.
हळूच विचारलं, बेन, केवढा असेल तो?
नऊ? पंधरा?

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं,
कोणता? दोन येतात.

जसवंतला अजून सांगितलेलं नाही.